जिना कुठे जातो?

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, "साळवेकाका, तुम्हाला रंगवायची स्फूर्ती कुठून मिळायची?" मी म्हटलं, "नगरच्या माळीवाड्यातून. तिथला वाणी नीळ आणि गेरू चांगला ठेवायचा." ते हसले आणि म्हणाले, "हेच लिहून द्या." म्हणून लिहितो आहे. स्फूर्तीबद्दल मला फारसं ठाऊक नाही. ती नसली म्हणजे काय होतं, ते मात्र मी एकदा चांगलंच भोगलं आहे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या दिवसांत माझा हात अडला होता. अडलेल्या गायीसारखी माझी गत झाली होती. आत काहीतरी आहे, पण बाहेर येत नाही, आणि भोवती माणसं जमून सल्ले देतायत.

माझा धंदा नाटकाचे पडदे रंगवायचा. हल्ली मी सावेडीला मुलाच्या बंगल्यात राहतो. तिथल्या शेजाऱ्यांना 'मी पडदे करायचो' असं सांगितलं, की ते खिडकीचं माप सांगायला लागतात. तेव्हा आधी खुलासा करतो. त्या काळी नगर जिल्ह्यातल्या जरा बऱ्या गावात एक नाटक मंडळी असायचीच. जत्रेला नाटक व्हायचं आणि ते कुठलंही असलं तरी मागे लागायचे तीनच पडदे: राजवाडा, रस्ता आणि जंगल. राजा राजवाड्यात रुसला की रस्त्यावर यायचा, रस्ता चुकला की जंगलात जायचा. याच्या बाहेर नाटकात काही घडल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

पडदा उभा करून रंगवत नाहीत. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं चादरीसारखं कापड जमिनीवर ताणून ठोकायचं. त्यावर पिठाची खळ आणि सरस द्यायचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला चिकट डिंक. तो उकळायला लागला की गल्लीतलं कुत्रंसुद्धा दुसऱ्या गल्लीत राहायला जातं. खळ वाळली की सुतळी कोळशात घोळवून, दोन टोकांना ताणून, मधे फट्कन सोडायची. सरळ रेघ उमटते. मग लांब वेळूला कोळसा बांधायचा आणि पाय धुऊन, अनवाणी, कापडावर चालत चालत चित्र काढायचं. राजवाड्यात मी इतका हिंडलो आहे, की एखाद्या संस्थानिकानंही तेवढी पायपीट केली नसेल.

हा राजवाडा माझे उस्ताद रहमानभाई यांनी मला शिकवला. दोन्हीकडे खांब, वर घुमट, मधे कारंजं आणि उजव्या हाताला वळण घेत वर जाणारा जिना. उस्तादांनी तो त्यांच्या उस्तादांकडून घेतला होता. मी तो डोळे झाकून काढायचो, आणि हेच माझं भूषण होतं. एका गावानं जंगलाच्या पडद्यात आगगाडी मागितली, ती मी दिली. दुसऱ्या गावानं रावणाच्या दहा तोंडांपैकी एक तरी शेजारच्या गावच्या पाटलासारखं काढायला सांगितलं, तेही मी दिलं, आणि पुढे वर्षभर त्या शेजारच्या गावातून सायकल पिटाळत जात राहिलो. पण हात कधी अडला नव्हता.

तो अडला बाळकोबांमुळे. बाळकोबा एका फिरत्या कंपनीत स्त्रीपार्ट करायचे, म्हणजे राणी, राजकन्या वगैरे. माणूस गोरागोमटा, आवाज मधाळ आणि नजर भारी चौकस. कंपनी नगरला आली होती आणि मीच पूर्वी रंगवलेल्या त्यांच्या राजवाड्याच्या पडद्याला मी ठिगळ लावत होतो. बाळकोबा अर्धी दाढी करून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"पेंटर, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"राणीचा महाल वर आहे ना?"

"आहे."

"आणि हा जिना वर जातो."

"जातो."

"कुठे जातो?"

मी वर पाहिलं. जिना डौलात वळत वर गेला होता, आणि तिथे सरळ एका खांबाच्या पोटात शिरला होता. वर दार नव्हतं, गच्ची नव्हती, खिडकीसुद्धा नव्हती. राणीनं वर जायचं मनात आणलं असतं तर तिचा कपाळमोक्षच झाला असता. इतकी वर्षं मी तो जिना काढत होतो आणि माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"तो रंगवलेला आहे हो," मी म्हटलं.

"ते कळतं मला," बाळकोबा म्हणाले आणि उरलेली दाढी करायला निघून गेले.

झालं. त्या माणसानं दाढी पुरी केली आणि माझा धंदा अर्धा ठेवला.

नेमकं त्याच सुमाराला नेवाशाच्या अलीकडच्या, प्रवरेकाठच्या एका गावचं मोठं काम माझ्याकडे आलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून त्या पडद्यावरून माझ्याशी हुज्जत घालतात. त्यांच्या मंडळीचे मुख्य गेणू पाटील. बांधा कुस्तीतल्या पैलवानाचा, मिशी राजाची, म्हणून राजाची भूमिका कायम त्यांच्याकडे. आता लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलमध्ये गेलेलं. मढ्यावर घालायला नवं कापड मिळायची मारामार, तिथे पडद्याला कोण देणार? तर पाटलांनी घरोघर हिंडून, प्रत्येकाच्या वाट्याच्या कापडातलं थोडं थोडं मागून घेऊन, एका राजवाड्यापुरतं मांजरपाट जमवलं होतं. त्याचं गाठोडं माझ्या पुढ्यात ठेवताना ते म्हणाले, "पेंटर, ह्ये गावाचं नेसूचं हाय. जपून."

मी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची शेड कामाला घेतली होती. तिथे ते कापड ताणलं, खळ दिली, वाळवली. वेळूला कोळसा बांधला. पाय धुतले. खांब काढायला गेलो आणि मनात आलं, या खांबावर काय उभं आहे? कारंजं काढायला गेलो तर वाटलं, याला पाणी कुठून येतं? आणि जिन्याच्या जागी आलो की माझा हात लाकडासारखा व्हायचा. एक रेघ चुकली तर गावाचं नेसूचं वाया. मी पाय पुसायचो आणि बाहेर येऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय धुवायचो. त्या दिवसांत माझे पाय फार स्वच्छ होते.

माझी बायको मार्था मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिचा सगळा विश्वास पोटावर. तिनं माझी जीभ पाहिली आणि म्हणाली, "अहो, पोट साफ नाही तुमचं. डोक्यात कसं काय सुचणार?" तिनं मला एरंडेल पाजलं. त्यानंतर शेडमध्ये उभं राहणंही मुश्कील झालं, मग चित्र कुठलं! आमचे पाळकसाहेब भले गृहस्थ. ते घरी येऊन प्रार्थना करून गेले आणि जाताना म्हणाले, "साळवे, देवानं सहा दिवसांत सगळं जग केलं. तुम्हाला तर एकच वाडा करायचा आहे." मी म्हटलं, "साहेब, देवाला बाळकोबा भेटले नव्हते." त्यांना बाळकोबा म्हणजे कोणी जुन्या करारातला माणूस वाटला असावा, कारण त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मधे एका ठेकेदारानं लष्कराच्या लॉऱ्या रंगवायला बोलावलं. हिरवे-तपकिरी पट्टे मारायचे, अट एकच: रंगवलेलं कशासारखंही दिसता कामा नये. त्या काळात मला तेवढंच जमत होतं. तिथला साहेब माझ्यावर फार खूश होता.

इकडे दर बाजाराला गेणू पाटील राजवाडा कुठवर आला ते बघायला नगरला यायचे. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. पाटील घामानं निथळत, कोळशानं काळे होऊन दारात उभे राहायचे आणि मी शेडच्या दारातच त्यांना अडवायचो.

"पाटील, आत येऊ नका. खळ मुरतेय."

पुढच्या बाजाराला पुन्हा, "पेंटर, कुठवर आलं?"

"मुरतेय अजून."

"आमच्यात लोनचं बी एवढं मुरत न्हाई," पाटील म्हणाले. पण बिचारे परत गेले.

जत्रा जवळ आली तेव्हा पाटील आले ते वळकटी घेऊनच. "आता पडदा घेऊनच जानार. तवर हितंच ऱ्हातो. माझं भाषन बी पाठ करायचंय." मला बोलायला सवड न देता ते आत शिरले. शेडभर पांढरंशुभ्र कापड पसरलेलं. त्यावर एका कोपऱ्यात कोळशाचा एक ठिपका. तोही चुकून पडलेला.

पाटील कापडाभोवती एक चक्कर मारून आले. मी भिंतीला टेकून उभा. वाटलं, आता हा माणूस मला उचलून गावाकडे नेणार आणि प्रवरेत टाकणार, आणि त्याचं चुकणारही नाही.

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि कापडाच्या कडेला बसले.

"खळ मुरली का?"

"केव्हाच मुरली."

"मंग अडलंय काय?"

मी सगळं सांगितलं. बाळकोबा, खांब, जिना. सांगताना मलाच ते इतकं खुळचट वाटत होतं, की मी मान खाली घालून बोलत होतो. पाटील हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत.

"खरं हाय त्यो म्हनला ते," ते म्हणाले. "माझं बी तितंच अडतं. मी वर बघून म्हनायचं, 'प्रिये, महालातून खाली ये.' वर बघतो तर मांडवाचा पत्रा. फुडचं भाषन इसरतो. दर साली तितंच इसरतो. मला वाटायचं माझीच अक्कल कमी."

मग ते उठले. बाहेर जाऊन पाय धुऊन आले, धोतर वर खोचलं आणि कापडाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"आदी सांगा, राजाला जनावरं किती?"

"पाटील, राजवाड्यात जनावरं नसतात."

"का? राजा दूध इकत घेतो?"

ते दोन पावलं डावीकडे गेले. "हितं गोठा. काडा."

"तिथे संगमरवरी चौक आहे."

"संगमरवरावर जनावराचा पाय घसरतो. मोडला तर? काडा गोठा."

मी रागारागानं वेळू उचलला आणि गोठा काढला. रेघ जरा वाकडी आली. पण आली! ती काढून झाल्यावर मला कळलं, की मी काढली. तोवर पाटील पुढे गेले होते.

"हितनं जिना. व्हय ना? जिन्याच्या वर माडी. माडीत कोन?"

"राणी."

"उन्हाळ्यात भाजून निघंल की वं ती. वर काय, पत्रा का धाबं?"

"घुमट!" मी ओरडलो. "राजवाड्याला घुमटच असतो!"

"घुमटावर कुरडया कशा वाळत घालनार?"

अशी आमची जुंपली. ते पुढे चालायचे, मी मागून वेळू घेऊन. त्यांना विहीर हवी, मला कारंजं. शेवटी विहिरीचं पाणी मोटेनं वर येऊन कारंज्यात पडतं असं ठरलं, आणि कारंज्याला पाणी कुठून येतं हा माझा प्रश्नही मिटला. घुमट मी सोडला नाही. त्याच्या शेजारी पाटलांनी मातीचं सपाट धाबं घेतलं, आणि त्यावर राजघराण्याच्या कुरडया वाळायला पडल्या. जिना वळत वर गेला, माडीच्या दाराशी थांबला, आणि दार अर्धं उघडं ठेवलं. आता राणी तिथून निघाली की खाली येऊ शकत होती.

पाटील जिन्याखाली जाऊन उभे राहिले. वर, म्हणजे त्यांच्या पायापुढच्या कापडावर, नजर लावली आणि राजाचं सगळं भाषण एका दमात म्हणून गेले. कुठे अडले नाहीत. म्हणून झाल्यावर दोघेही जरा ओशाळलो.

तेवढ्यात मार्था जेवणाचा डबा घेऊन आली. एक पैलवान धोतर खोचून कापडावर उभा आणि नवरा हातात वेळू घेऊन घामाघूम. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाली, "बघा. एरंडेल लागू पडलं."

रंगांचीही टंचाई होती. परदेशी रंगांच्या पुड्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. आकाश मी धुण्याच्या निळीनं केलं, भिंती गेरूनं, सावल्या चुलीच्या काजळीनं. त्यामुळे तो राजवाडा नगरच्या मातीच्याच रंगाचा झाला. उस्तादांच्या राजवाड्याला जी झळाळी होती ती त्याला नव्हती, हे मी कबूल करतो. पण मला त्याच्यातून हिंडताना कुठे ठेच लागत नव्हती.

जत्रेत नाटक दिवसाउजेडी करायचं ठरलं होतं, कारण रॉकेल मिळत नव्हतं आणि गॅसबत्त्या पेटवायच्या कशावर? पडदे रंगवणाऱ्याला याच्याइतकी वाईट बातमी नाही. बत्तीच्या पिवळ्या उजेडात आमचे दोष झाकतात. इथे दुपारचं ऊन समोरून पडद्यावर येत होतं. देवळापुढच्या पटांगणात सगळं गाव बसलेलं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी रंगाचे डबे घेऊन विंगेत लपलो होतो.

पडदा सोडला. गावात कुजबुज सुरू झाली. "ती बग, हीर." "कुरडया हायेत की गं!" गेणू पाटील मुकुट घालून, तलवार उपसून आले, त्यांच्याकडे कुणी बघेना. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या डोक्यावरून मागे. पाटलांनी घसा साफ केला, वर माडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रिये, महालातून खाली ये..."

"थांब रं गेन्या!"

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठून उभी राहिली. ती ठकूबाई. गावातली अर्धी माणसं तिच्या हातून जन्मलेली, त्यामुळे तिला गप्प बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"राजवाड्यात चूल कुठंय?"

पाटील तलवार उपसलेल्या अवस्थेत थांबले. "आजे, नाटक चालू हाय."

"चालू दे की. म्या माझ्या वाट्याचं कापड कशाला दिलं? रानीला उपाशी मारायला? गोठा हाय, हीर हाय, कुरडया हायेत. त्या तळायच्या कुठं?"

"व्हय की!" बायकांचा घोळका एका सुरात म्हणाला. आता त्या घोळक्यातल्या प्रत्येकीनं आपल्या वाट्याचं कापड त्या राजवाड्यात घातलेलं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "बसा गं खाली." त्यावर एवढा गिल्ला झाला की तो गृहस्थच खाली बसला. पाटलांनी मदतीसाठी विंगेकडे पाहिलं.

"पेंटर! भाईर या."

मी बाहेर आलो. गाव माझ्याकडे बघत होतं. शेडमध्ये एकटा असताना, कुणी बघत नसताना, महिनोन्महिने ज्या हातातून रेघ निघाली नव्हती, तो हात आता साऱ्या जत्रेसमोर होता. कुणीतरी दीपमाळेची शिडी आणून पडद्याला टेकवली. मी एका हातात काजळीचा डबा आणि एका हातात कुंचा घेऊन चढलो. खालून ठकूबाई, "जिन्याखाली नगं, धूर माडीत जाईल. हिरीकडं घे. हां, तितं." हात चालत होता. विचार करायला कुणी सवडच देत नव्हतं.

नाटक किती वेळ थांबवणार? पाटलांनी तसंच पुढे सुरू केलं. "प्रिये, महालातून खाली ये!" राणीचं काम गावातला तरुण न्हावी करायचा. तो नऊवारी सावरत विंगेच्या तोंडाशी आला, माझी शिडी आडवी पाहून तिथेच थांबला आणि बारीक आवाजात ओरडला, "आले वं! चूल पेटू द्या की!"

पटांगण हसून हसून फुटायची वेळ आली. राजाही हसला. मुकुट घसरून मिशीवर आला. मी शिडीवर हसत होतो आणि त्या हसण्याच्या हेलकाव्यानं चुलीतून निघालेला धूर वळणं घेत घेत पार घुमटापर्यंत गेला. तसा धूर मी ठरवून काढायचा म्हटला असता तर जन्मात जमला नसता.

पुढे मी पुष्कळ पडदे केले. बोलपटांचे तंबू गावोगाव जायला लागले आणि नाटक मंडळ्या एकेक करून मिटल्या, तोवर करत राहिलो. हात पुन्हा कधी अडला नाही असं नाही. अडायचाच. पण मग मी गिऱ्हाइकाला बोलावून विचारायचो, "इथे राहतं कोण?" जंगल असलं तर, "इथून सरपण कोण नेतं?" माणसं आधी चमकायची आणि मग बोलायला लागायची, आणि ती बोलायला लागली की मी पाय धुवायला उठायचो. एक हळहळ मात्र आहे. उस्तादांचा तो जुना जिना मला पुन्हा कधी काढता आला नाही. कुठेही जात नव्हता, पण काय देखणं वळण होतं त्याचं!

त्या दिवशी नाटक संपलं, माणसं रेवड्या-फुटाण्यांच्या पालांकडे पांगली. पडदा उतरवायच्या आधी मी डबे गोळा करत होतो. ठकूबाई एकटीच रंगमंचावर चढून आली. पडद्याजवळ जाऊन तिनं जिन्याच्या पायऱ्या निरखल्या, गोठ्यात डोकावल्यासारखं केलं. मग चुलीपाशी वाकली आणि तळहात पुढे धरून थोडा वेळ उभी राहिली, शेक घेतात तसा.

"आता ऱ्हाता यील हितं," ती म्हणाली.

इतकी शाबासकी मला उस्तादांनीही कधी दिली नव्हती. मी काही बोलणार, तोच तिनं मान वर करून त्या घुमटापर्यंत गेलेल्या धुराकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पन लाकडं लई वली हायेत राजाची. रानीचं डोळं जातील. त्यो धूर जरा कमी कर, बाबा."

मी डबे खाली ठेवले आणि पुन्हा शिडी चढलो.